ट्रिनिटी चर्चच्या आवारातली हॅमिल्टनची कबर: कुठे, काय बघायचं आणि फोटो कसा काढायचा?

ओंजळ:

अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला ट्रिनिटी चर्चच्या आवारात पुरलेला आहे, एवढं पक्कं माहीत आहे. पण नकाशावर 'ट्रिनिटी' नावाच्या दोन दफनभूमी दिसतात आणि त्यांच्यात बरंच अंतर आहे. जाणकारांनी कृपया एवढं सांगावं:

१) नेमकी जागा कोणती, आणि कुठल्या मेट्रो स्थानकावर उतरणं सोयीचं?

२) कबरीवर वय ४७ लिहिलंय म्हणतात. काही पुस्तकांत ४९ येतं. बरोबर काय?

३) बायको एलायझा, मुलगा फिलिप, मेहुणी अँजेलिका हे सगळे तिथेच आहेत का? त्यांचे दगड सापडतात का?

४) जुन्या संगमरवरावरची अक्षरं फोटोत उठत नाहीत. काही युक्ती? खडू किंवा पावडर लावलेली चालते का?

५) लोक दगडावर नाणी ठेवतात. ठेवावीत का?

गल्लीबोळ:

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो, बाकीचं बखरवाले आणि शिळाप्रेमी सांगतीलच.

ट्रिनिटीच्या ताब्यात दफनाच्या तीन जागा आहेत. पहिली ब्रॉडवेवर, वॉल स्ट्रीट जिथे संपतो बरोबर तिथे, मुख्य चर्चच्या दोन्ही अंगांना. हॅमिल्टन इथे. दुसरी थोडी उत्तरेला, फुल्टन आणि व्हेसी या रस्त्यांच्या मध्ये, सेंट पॉल्स चॅपलभोवती. तिसरी पार वर, १५५व्या रस्त्याला, म्हणजे पहिल्या जागेपासून जवळपास १५ किलोमीटरवर. फोनवर 'ट्रिनिटी चर्च सिमेटरी' टाकलं की बऱ्याचदा ही तिसरीच पुढे येते आणि लोक तिकडे जाऊन हॅमिल्टन शोधत बसतात. गोंधळात भर म्हणजे हॅमिल्टनचं राहतं घर, 'द ग्रेंज', १४१व्या रस्त्याजवळ आहे, त्यामुळे कबरही तिकडेच असेल असं वाटतं. त्यात आणखी एक गंमत: वरच्या दफनभूमीत एलायझा जुमेल नावाची बाई आहे. ती आरन बरची, म्हणजे द्वंद्वात ज्याच्या गोळीने हॅमिल्टन गेला त्याची, दुसरी बायको. नुसतं 'एलायझा' शोधाल तर भलत्याच एलायझापाशी पोचाल.

मेट्रो: ४ किंवा ५ क्रमांकाच्या गाडीने 'वॉल स्ट्रीट'. जिना चढलात की चर्च समोरच. 'वॉल स्ट्रीट' नावाचं दुसरंही स्थानक आहे, २ आणि ३ च्या मार्गावर, ते विल्यम स्ट्रीटला. तिथून वॉल स्ट्रीटने पश्चिमेला चालत आलं की चर्चचा मनोरा सरळ डोळ्यांसमोर राहतो, चुकायला होत नाही. 'रेक्टर स्ट्रीट' नावाचीही दोन स्थानकं आहेत, एक १ च्या मार्गावर आणि एक आर-डब्ल्यूच्या. ती अंतराने जवळच आहेत, पण दोन्ही चर्चच्या मागच्या, खालच्या अंगाला. तिथे आवाराची उंच भिंत लागते आणि दार दिसत नाही. रेक्टर स्ट्रीटचा चढ चढून ब्रॉडवेवर यायचं. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी ४-५ चीच गाडी पकडावी.

आत शिरताना: वॉल स्ट्रीटकडे पाठ करून चर्चसमोर उभं राहिलं की डावा हात म्हणजे दक्षिण आवार. त्या बाजूने आत जा आणि रेक्टर स्ट्रीटच्या लोखंडी कुंपणाच्या कडेने बघा. पांढरा चौथरा, वर टोकदार दगडी सुळका, चार कोपऱ्यांना चार कलश. तोच. आवारात शिरायला पैसे पडत नाहीत. फाटक बंद व्हायची वेळ बदलती असते, चर्चच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी बघून निघा. बंद असलं तरी अगदी वाया जात नाही. स्मारक कुंपणाला इतकं लागून आहे की रेक्टर स्ट्रीटच्या पदपथावरून गजांमधून दिसतं.

गर्दीचं म्हणाल तर कामाच्या दिवशी दुपारी आसपासच्या कचेऱ्यांतले लोक डबा घेऊन बाकांवर बसतात. सकाळ बरी.

बखरवाला:

वयाचं आधी घेऊ. दगडावर '१२ जुलै १८०४, वय ४७' आहे. हॅमिल्टन स्वतःचं जन्मवर्ष १७५७ धरायचा, त्या हिशोबाने ४७ बरोबर. पण १७६८ मध्ये त्याची आई वारली तेव्हा सेंट क्रॉय बेटावर तिच्या मालमत्तेची जी सरकारी नोंद झाली, तीत या मुलाचं वय १३ लिहिलंय. म्हणजे जन्म १७५५ चा आणि मृत्यूसमयी वय ४९. आज बरेच अभ्यासक १७५५ कडे झुकतात, कारण ती नोंद त्याच काळातली आहे आणि वय बदलून सांगण्यात तेव्हा कुणाचा फायदा नव्हता. मला स्वतःला १७५५ जास्त पटतं. दगड मात्र त्याच्या सांगण्याप्रमाणे कोरला गेला.

आता जे दिसतं त्याबद्दल. बहुतेक लोक समोरचं चर्च आणि कबर एकाच काळातली समजतात. तसं नाही. पहिलं ट्रिनिटी चर्च १७७६ च्या आगीत गेलं. दुसरं १७९० मध्ये झालं, १८३९ मध्ये पाडलं. आज उभं आहे ते तिसरं, रिचर्ड अपजॉन या वास्तुकाराचं, १८४६ चं. म्हणजे १४ जुलै १८०४ ला हॅमिल्टनची अंत्ययात्रा आली ती दुसऱ्या चर्चपाशी, आणि गव्हर्नर मॉरिसने बाहेरच्या मंचावरून भाषण केलं तेव्हा हा २८१ फुटी मनोरा नव्हताच. ('गव्हर्नर' हे मॉरिसचं पहिलं नाव आहे, पद नव्हे.)

स्मारक उभारलं ट्रिनिटीच्या विश्वस्त मंडळाने, कुटुंबाने नाही. मजकुरातच तसं स्वच्छ म्हटलंय. पुढे त्याला सचोटी न विकलेला देशभक्त, कसोटीला उतरलेला सैनिक आणि थोर बुद्धीचा मुत्सद्दी म्हटलंय, आणि शेवटी असा अर्थ येतो की हा संगमरवर झिजून धूळ झाला तरी कृतज्ञ पिढ्या त्याचे गुण आठवतील. द्वंद्वाचा उल्लेख एका शब्दाने नाही. हे मुद्दाम बघण्यासारखं आहे, कारण द्वंद्व खेळून मरणाऱ्याबाबत चर्च कडक होतं. बिशप बेंजामिन मूरने मरणशय्येवर शेवटचा विधी द्यायला आधी नकार दिला होता, हॅमिल्टनने द्वंद्वाचा धिक्कार केल्यावर आणि बरला माफ केल्यावर दिला. त्याच चर्चने पुढे असा मजकूर कोरला.

कुटुंबाचं:

एलायझाचा दगड हॅमिल्टनच्या स्मारकाच्या अगदी पुढ्यात, जमिनीशी आडवा. तो कुंपणाबाहेरून धड दिसत नाही, त्यासाठी आत जायलाच हवं. फिलिप स्कायलरची मुलगी, अलेक्झांडर हॅमिल्टनची विधवा, जन्म ऑल्बनी ९ ऑगस्ट १७५७, मृत्यू वॉशिंग्टन ९ नोव्हेंबर १८५४, एवढंच त्यावर आहे. ५० वर्षं वैधव्य, त्यात अनाथ मुलांसाठीची संस्था उभी केली (१८०६), नवऱ्याची कागदपत्रं जमवली. दगडावर यातलं काहीही नाही. उंच स्मारकाचे फोटो काढणाऱ्यांचे पाय नेमके याच दगडावर पडतात, तेवढं सांभाळा.

फिलिप, थोरला मुलगा, नोव्हेंबर १८०१ मध्ये १९ व्या वर्षी द्वंद्वातच गेला. तो याच आवारात आहे, पण कबरीवर खूण नाही. 'हीच फिलिपची' म्हणून कुणी एखादा दगड दाखवला तर विश्वास ठेवू नका.

अँजेलिका १८१४ मध्ये वारली. ती लिव्हिंग्स्टन घराण्याच्या तळघरात, म्हणजे जमिनीखालच्या दफनखोलीत आहे. स्वतंत्र कबर शोधू नका.

हर्क्युलिस मुलिगन, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांचे कपडे शिवता शिवता बातम्या काढणारा शिंपी, तोही इथे आहे, सासरच्या सँडर्स कुटुंबाच्या जागेत. ज्याला 'मुलिगन' हे नाव मोठ्या अक्षरात दिसेल अशी आशा असते तो दोन फेऱ्या मारून परत जातो.

आणि एक माणूस ज्याच्याकडे कुणी फिरकत नाही: आल्बर्ट गॅलॅटिन, चौथा अर्थमंत्री, जेफर्सनच्या पक्षाचा, म्हणजे हॅमिल्टनच्या धोरणांचा कडवा टीकाकार. तो चर्चच्या उत्तरेकडच्या आवारात. दोन विरोधी अर्थमंत्र्यांच्या मध्ये एक अख्खं चर्च. तिकडे गेलातच तर रिचर्ड चर्चरचा १६८१ चा दगडही बघा. पाच वर्षांच्या मुलाचा आहे, आवारातला सगळ्यात जुना कोरीव दगड.

गल्लीबोळ:

बखरवाले, हॅमिल्टनच्या जवळच रॉबर्ट फुल्टनची, आगबोटवाल्याची, कबर आहे ना? धातूतला चेहरा असलेली. तीही यादीत घ्या.

बखरवाला:

ती कबर नाही, स्मारक आहे. १९०१ मध्ये यंत्र अभियंत्यांच्या संघटनेने उभारलेलं. फुल्टन स्वतः लिव्हिंग्स्टन तळघरातच, म्हणजे अँजेलिकाच्या सोबतीला. या आवारात हा भेद सतत लक्षात ठेवावा लागतो: उभा दगड म्हणजे खाली माणूस असेलच असं नाही, आणि माणूस आहे म्हणजे वर दगड असेलच असंही नाही. जुनी कुटुंबं जमिनीखाली विटांची किंवा दगडांची खोली बांधून घेत आणि पिढ्यान् पिढ्या त्यातच दफन करत. वर फक्त एका नावाचा चिरा.

कधी तर दगडच बदललेला असतो. विल्यम ब्रॅडफर्ड या जुन्या मुद्रकाचा आज दिसणारा दगड १९व्या शतकात नव्याने कोरलेला आहे, कारण मूळचा झिजला होता.

शिळाप्रेमी:

चौथा आणि पाचवा प्रश्न माझे. जरा सविस्तर लिहितो, कारण नुकसान इथेच होतं.

या आवारात ढोबळमानाने दोन प्रकारचे दगड भेटतील. जुने, १८व्या शतकातले बरेचसे तपकिरी वालुकाश्माचे. त्यांवर पंखवाली कवटी किंवा पंखवाला चेहरा कोरलेला असतो. हा दगड थराथरांचा. तो उभा रोवला की थरही उभे राहतात, वरच्या कडेतून पाणी त्यांच्यात उतरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि पुढचा पापुद्रा अक्षरांसकट सुटून येतो. म्हणून एकाच दगडावर वरच्या चार ओळी कालच कोरल्यासारख्या धारदार आणि खालचा भाग साफ कोरा, असं दिसतं. अशा दगडावर बोटाने टकटक करून बघू नका. आतून पोकळ झालेला पापुद्रा तेवढ्यानेही निघतो.

हॅमिल्टनचं स्मारक पांढऱ्या संगमरवराचं. त्याचं दुखणं वेगळं. संगमरवर म्हणजे कॅल्साइटचे स्फटिक एकमेकांत घट्ट बसलेले. कोळशाच्या आणि तेलाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्याबरोबर त्यावर बसला की पृष्ठभागाचं जिप्सम होतं. जिथे पाऊस थेट लागतो तिथे हे जिप्सम धुऊन जातं, दरवेळी थोडी अक्षराची धार घेऊन. जिथे पाऊस पोचत नाही, म्हणजे कंगोऱ्यांखाली, कलशांच्या पोटाखाली, तिथे ते साचतं आणि त्यात काजळी अडकून काळी खपली धरते. जोडीला ऊन-थंडीचा ताण. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने प्रसरण पावतो आणि दुसऱ्या दिशेने किंचित आकसतो, त्यामुळे शेजारशेजारचे कण हळूहळू एकमेकांपासून सुटतात. अशा दगडावर हात फिरवला तर तळहाताला साखरेसारखे कण लागतात. ते कण म्हणजे अक्षरंच. म्हणून हात फिरवायचाच नाही.

यावरून खडू-पावडरीचं उत्तर मिळालं असेल. खडू, पीठ, दाढीचा फेस, यातलं काहीही नको. खडू आणि पीठ सुटलेल्या कणांच्या फटीत जाऊन बसतं, धुतलं तरी पुरतं निघत नाही, आणि पिठावर बुरशी धरते. दाढीच्या फेसात स्टिअरिक आम्ल आणि तेलकट पदार्थ असतात. 'पाण्याने निघून जातो' हे वरवरचं. कागद लावून पेन्सिल घासणंही नको, दाबाने कण सुटतात. शिवाय आवारातल्या कुठल्याही दगडाला हात लावायला परवानगी लागतेच.

मग फोटो कसा? सगळी भिस्त आडव्या उजेडावर. कोरलेलं अक्षर दिसतं ते त्याच्या खाचेत पडणाऱ्या सावलीमुळे. समोरून फ्लॅश मारला की सावली मरते आणि दगड सपाट होतो. उजेड दगडाच्या पातळीला जवळजवळ चिकटून, १० ते २० अंशांतून यायला हवा.

दक्षिण आवारात सूर्याच्या भरवशावर राहू नका. रेक्टर स्ट्रीटच्या पलीकडे एम्पायर बिल्डिंग वगैरे उंच इमारती आहेत, हिवाळ्यात खालून येणारं ऊन त्याच अडवतात. त्यामुळे उजेड आपणच द्यायचा:

– फोन किंवा कॅमेरा दगडाच्या बरोबर समोर, दगडाला समांतर. तिरका धरलात तर ओळी तिरप्या येतात.

– दुसऱ्या माणसाने छोटी एलईडी बॅटरी घेऊन बाजूला उभं राहायचं, दगडापासून तीन-चार फूट, उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाईल असा. बॅटरी दगडाला टेकवायची नाही.

– दिवसाचा उजेड जास्त असेल तर बॅटरी फिकी पडते. उजेड येतो त्या बाजूला काळी छत्री उघडून मजकुरावर सावली पाडा, मग बॅटरी. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

– बॅटरी डाव्या हाताला ठेवून एक, वरून एक आणि उजवीकडून एक, असे किमान तीन फोटो. उभ्या रेघा बाजूच्या उजेडात उठतात, आडव्या रेघा वरच्या. एकाच फोटोत सगळं वाचता येईल ही अपेक्षा सोडा.

– फोनचं उजेडाचं माप पडद्यावर मजकुराच्या जागी बोट ठेवून धरा आणि एक पायरी कमी करा. पांढरा दगड जरा जास्त उजळला की बारीक खाचा नाहीशा होतात.

– एलायझाचा दगड आडवा असल्याने तिथे आपलीच सावली आडवी येते. बाजूला उभं राहून हात लांब करून घ्या. पाऊस पडून गेल्यावर त्यावर पाणी साचलेलं असेल तर झाडून काढू नका. कधीकधी खाचेत राहिलेलं पाणीच अक्षर दाखवतं.

घरी आल्यावर फोटो कृष्णधवल करून उजेड-सावलीतला फरक (कॉन्ट्रास्ट) वाढवा, आणि तीनही फोटो शेजारी ठेवून वाचा.

आता नाणी. ठेवू नका. एक सेंटचं नाणं १९८२ नंतर आतून जस्ताचं आणि वरून तांब्याच्या मुलाम्याचं आहे. मुलामा खरवडला की दोन्ही धातू पावसात विरघळायला लागतात, आणि तांब्याचे क्षार संगमरवरात शिरून हिरवा डाग पाडतात. तो डाग पृष्ठभागावर नसतो, आत मुरलेला असतो. पुसून जात नाही. पाच सेंटच्या नाण्यातही तीन चतुर्थांश तांबंच.

फेकलेलं नाणं तर आणखी वाईट. फिलाडेल्फियाला पाचवा रस्ता आणि आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बेंजामिन फ्रँकलिनची कबर आहे. १८५८ मध्ये लोकांना बाहेरून दिसावी म्हणून विटांची भिंत फोडून तिथे गज बसवले. त्या गजांतून दगडावर एक सेंटची नाणी फेकायची प्रथा पडली. आडव्या संगमरवरावर बारीक खड्डे पडले, शिवाय भेगही वाढली, शेवटी लोकांकडून पैसे जमवून दुरुस्ती करावी लागली. काटकसरीचा उपदेश करणाऱ्या माणसाच्या कबरीवर पैसे उधळून दगड फोडायचा, याला काय म्हणावं.

फुलं चालतात, पण जमिनीवर, दगडाला न टेकवता. रंगीत कागद, रिबिनी नकोत, ओल्या झाल्या की रंग सोडतात. मेणबत्ती तर अजिबात नको. वितळलेलं मेण संगमरवर शोषून घेतो.

ओंजळ:

सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. काही जण बॅटरीऐवजी आरसा वापरतात, तो इथे चालेल का? आणि शाळेच्या प्रकल्पासाठी दगडाचा ठसा हवा असेल तर हात न लावता तो मिळवायचा काही मार्ग?

शिळाप्रेमी:

आरशाची युक्ती चांगली आहे, पण तिला थेट ऊन लागतं. उन्हात उभं राहून आरशाने तिरपी झोत दगडावर टाकायची. दक्षिण आवारात ऊन तुकड्यातुकड्याने येतं. आरसा मोठा हवा, निदान दोन फूट, म्हणजे उचलायला एक माणूस जास्त.

गल्लीबोळ:

मी आरशाच्या विरोधात आहे. बाकांवर लोक बसलेले असतात, चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, आणि कवडसा कुणाच्या तरी डोळ्यात जातोच. शिवाय काच फुटली तर गवतातून वेचणार कोण? बॅटरी आणि छत्री पुरे.

शिळाप्रेमी:

मान्य, या आवारात बॅटरीच बरी.

ठशाऐवजी त्रिमित प्रतिकृती करा. दगडाभोवती फिरत ४० ते ६० फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ६०-७० टक्के भाग पुन्हा यायला हवा. उंचीच्या दोन-तीन पातळ्यांवरून: गुडघ्याच्या, छातीच्या आणि हात वर करून. झूम मध्येच बदलायचं नाही, फ्लॅश नाही, आणि शक्यतो ढगाळ दिवस. इथे उलटं आहे बघा: वाचण्यासाठी आडवा उजेड, पण प्रतिकृतीसाठी सपाट, सारखा उजेड, कारण सरकणाऱ्या सावल्यांनी संगणक फसतो. फोटोंवरून प्रतिकृती बनवणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. नंतर पडद्यावर त्या प्रतिकृतीचा रंग काढून टाका आणि कृत्रिम उजेड हवा त्या कोनातून फिरवा. डोळ्यांना न दिसलेली अक्षरंही पुष्कळदा तिथे वाचता येतात. हॅमिल्टनच्या स्मारकाची कुंपणाकडची बाजू नीट मिळणार नाही, तिथे माणूस मागे सरकू शकत नाही. ती बाजू बाहेर पदपथावर जाऊन गजांमधून टिपा. गज फोटोत आले तर प्रतिकृतीत गोळे होतात, म्हणून भिंग दोन गजांच्या मधोमध.

बखरवाला:

शाळेच्या प्रकल्पासाठी एक भर. दगडावरचा मजकूर लिहून घेतल्यावर चर्चच्या दफन नोंदींशी ताडून बघा. ट्रिनिटीच्या जुन्या नोंदी संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. खूण नसलेल्या फिलिपसारख्यांसाठी नोंदवहीच कामाची. आडनावाची स्पेलिंगं त्या काळी एकसारखी नसत, त्यामुळे एकदा शोधून सापडलं नाही म्हणून सोडू नका, एखाददुसरं अक्षर बदलून बघा.

आणि तारीख ठरवताना हे लक्षात घ्या: १२ जुलैच्या आसपास दरवर्षी कबरीपाशी स्मरणाचे कार्यक्रम होतात. भाषणं ऐकायची असतील तर तेव्हा जा. छत्री-बॅटरी घेऊन फोटो काढायचे असतील तर तो आठवडा टाळा.